आईचा खुराक

मिक्सरशेजारचा काळा डबा आईनं उचलला, झाकण फिरवून उघडलं आणि आतली गुलाबी भुकटी हुंगून पाहिली. "हे कशाचं पीठ म्हणायचं?" तिनं नातवाला विचारलं. "आजी, अमिनो आहे ते. व्यायाम झाल्यावर घ्यायचं, स्नायू लवकर भरून येतात," तो म्हणाला. आईनं डबा जागेवर ठेवला, ओट्यावर सांडलेले चार कण पदराच्या टोकानं पुसले आणि म्हणाली, "म्हणजे खुराकच की."

आमच्या घरात हा शब्द कितीतरी वर्षांनी उच्चारला गेला होता.

आम्ही कोल्हापूरचे. माझे थोरले काका पेठेतल्या तालमीत लढायचे. पहाटे चारला ते उठत. जोर, बैठका, मग आखाड्यात लढत. तालमीच्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल मुरवलेलं असायचं आणि तो वास काकांच्या बंडीबरोबर घरात यायचा. शाहू महाराजांनी या गावात तालमी पोसल्या, खासबागेचं मैदान बांधलं. 1952 मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. अशा मुलखात पैलवानाचा खुराक म्हणजे घराची जबाबदारी, आणि थोडीफार गावाचीही. आमच्याकडे पैशाची कितीही ओढाताण असली तरी काकांचे बदाम कधी चुकले नाहीत.

ते बदाम वाटायची आई. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे सोलायचे, खसखस, मिरी, बडीशेप, वेलची त्यात घालायची आणि पाट्यावर गंधासारखं बारीक होईस्तोवर वरवंटा फिरवायचा. मग दुधात कालवून मोठा पितळी पेला भरायचा. आई त्या घरची धाकटी सून. माझी झोप कैक वेळा त्या वरवंट्याच्या आवाजानं मोडायची. ओल्या पदरानं हात पुसत ती पेला दाराशी ठेवायची आणि मग चुलीपुढं बसायची.

तिचं स्वतःचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. ज्वारीची भाकरी, पातेल्याच्या तळाशी उरलेली पातळ आमटी, ठेचा. डाळ तळाशी बसते म्हणतात, पण डाळ खाली बसायच्या आतच आमच्याकडे पळीनं ढवळून वाढली जायची. शेवटी उरायचं ते फोडणीचं पाणी. तिच्या वाटणीचं दूध चहात पडेल तेवढंच. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ते घराच्या भिंतींसारखं होतं. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नसतं.

आता तो डबा. माझा मुलगा बावीस वर्षांचा. संध्याकाळी जिमला जातो आणि मन लावून व्यायाम करतो. त्याच्या ट्रेनरनं सांगितलं म्हणून दोन हजारांच्या आसपास मोजून त्यानं डबा आणला. मी त्याला रागावले नाही. शरीर कमावायची हौस ही चांगली हौस आहे, आणि आमच्या घराला ती परकी नाही. फक्त त्याला म्हटलं, आपण दोघं मिळून हे काय आहे ते वाचून काढू. मग जेवणं झाल्यावर रोज रात्री आम्ही वाचत बसायचो. त्या महिन्याभरात आम्ही जेवढं बोललो, तेवढं आधीच्या दोन वर्षांत बोललो नव्हतो.

लेबलवर लिहिलं होतं: एका स्कूपमध्ये 5 ग्रॅम बीसीएए, प्रमाण 2:1:1. म्हणजे अडीच ग्रॅम ल्यूसिन, सव्वा ग्रॅम आयसोल्यूसिन, सव्वा ग्रॅम व्हॅलिन. या तीन अमिनो आम्लांच्या रेणूला फांदी फुटलेली असते, म्हणून त्यांचा हा वेगळा गट, बीसीएए म्हणजे फांदीवाली अमिनो आम्लं. तिघांचीही मूळ चव कडवट आणि पाण्यात विरघळायची तयारी कमी. म्हणून तर डब्यात कलिंगडाचा वास, गुलाबी रंग आणि गोडी घालावी लागते.

आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, किंवा पुरेशी करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. डब्यातली तीन या नवांपैकी आहेत. ल्यूसिनला जो एवढा मान आहे त्याला कारणही आहे. रक्तातलं ल्यूसिन वाढलं की स्नायूच्या पेशीत एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवं प्रथिन बांधायचं काम सुरू होतं. मुलाला मी म्हटलं, ल्यूसिन म्हणजे बांधकामावरचा मुकादम समज. तो हाक देतो, "चला, कामाला लागा!" आणि गवंडी उठतात. पण मुकादमानं हाक दिली आणि साइटवर विटाच नसल्या तर? स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक आम्लं एकाच वेळी हाताशी लागतात. डब्यातून तीन आली. उरलेली सहा, पोट रिकामं असेल तर, आणायची कुठून? शरीर ती स्वतःचेच जुने स्नायू मोडून आणतं. एक भिंत पाडायची आणि तिच्याच विटांनी दुसरी उभी करायची. रॉबर्ट वुल्फ या अमेरिकी शास्त्रज्ञानं 2017 मध्ये सगळे पुरावे तपासून नेमकं हेच मांडलं: नुसत्या बीसीएएनं माणसाचे स्नायू वाढतात, या दाव्याला आधार नाही.

मुलानं लगेच विचारलं, "मग अंगदुखी?" पहिल्या आठवड्यात त्याला जिना उतरता येत नव्हता, आणि पूड सुरू केल्यावर बरं वाटलं असं तो सांगत होता. त्याचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणाखाली लांबतो, त्यात सूक्ष्म इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवतं. बीसीएएमुळे हे दुखणं थोडं कमी होतं असं काही प्रयोगांत आढळलंय. पण तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणं आपोआपही कमी होतं, शरीर शिकतं. आणि दुखणं कमी होणं ही एक गोष्ट, स्नायू बांधला जाणं ही दुसरी. व्यायामानंतर अर्ध्या तासात पूड पोटात गेली नाही तर मेहनत वाया, हीही भीती त्याच्या मनात कुणीतरी घालून दिली होती. व्यायामानंतर स्नायू पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त, अन्नातलं प्रथिन वापरायला उत्सुक असतो. घरी येऊन, आंघोळ करून, निवांत जेवलं तरी चालतं.

वाचता वाचता मी एका ठिकाणी थबकले. ज्वारीजवळ.

ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन भरपूर असतं, इतर धान्यांच्या तुलनेत तर खूपच. इतकं की दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा का होतो, याचा शोध घेताना संशय थेट त्या ल्यूसिनवर गेला. पेलाग्रा म्हणजे कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोकं फिरल्यासारखं होतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं की ज्वारीतलं जादा ल्यूसिन शरीरातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या आणि त्यापासून बनणाऱ्या नायसिन या जीवनसत्त्वाच्या गणितात बिघाड करत असावं; नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो. पुढे हे सगळ्यांना पटलं नाही, वाद झाले. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. ज्या ल्यूसिनसाठी माझा मुलगा दोन हजार मोजून आला, ते माझ्या आईनं भाकरीतून जन्मभर खाल्लं होतं. तिच्या ताटात मुकादम रोज हजर होता. नव्हत्या त्या विटा.

ज्वारीत कमी असतं ते लायसिन, त्या नवांपैकीच एक. आणि लायसिन डाळीत असतं, हरभऱ्यात असतं, दुधात, अंड्यात, मटणात असतं. हरभऱ्यात मेथिओनिन, तेही नवांपैकीच, कमी; ते धान्यात मिळतं. भाकरी आणि पिठलं ही जोडी कुणी प्रयोगशाळेत ठरवलेली नाही, पण प्रयोगशाळेनं ठरवली असती तर अशीच ठरवली असती. माझ्या आईच्या वाटेला त्या जोडीतली भाकरी आली. पिठलं, डाळ, दूध या गोष्टी पळीपळीनं दुसऱ्या ताटांत गेल्या.

मुलाला मी विल्यम रोझ यांच्या प्रयोगांबद्दल वाचून दाखवलं. इलिनॉय विद्यापीठातल्या या माणसानं 1935 मध्ये थ्रिओनिन शोधलं, प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांतलं सगळ्यात शेवटी सापडलेलं. पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रयोगात सामील करून घेतलं. त्या तरुणांचं जेवण म्हणजे मक्याचा स्टार्च, साखर, प्रथिन काढून टाकलेली लोण्याची चरबी, मक्याचं तेल, क्षार, जीवनसत्त्वं, आणि यकृताच्या अर्काची पेपरमिंट घातलेली एक तपकिरी वडी. प्रथिनाच्या जागी शुद्ध अमिनो आम्लांचं मिश्रण. त्यातून एकेक आम्ल काढून घ्यायचं आणि, प्रथिनात नायट्रोजन असतो म्हणून, शरीरात येणारा नायट्रोजन आणि बाहेर जाणारा नायट्रोजन यांचा हिशेब मांडायचा. आवश्यक आम्ल काढलं की ती मुलं चिडचिडी व्हायची, थकायची, गरगरायची. परत दिलं की सावरायची. फक्त एक आम्ल कमी! बाकी पोट भरलेलं, तरीही.

ते सगळे तरुण पुरुष होते. वाचता वाचता मला आई आठवत राहिली. दुपारी भांडी झाल्यावर ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "जरा हातपाय गळाल्यासारखं झालंय." तिच्या त्या थकव्याला कामाचा भार, अपुरी झोप, बाळंतपणं अशी दहा कारणं असतील. एकाच गोष्टीवर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. पण तिच्या ताटाचा नायट्रोजन कुणी कधी मोजला नाही, एवढं खरं.

नायट्रोजनचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते, कारण घरोघरी डबे यायला लागलेत. डब्यातलं प्रथिन मोजायची जुनी रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांची, 1883 सालची. त्यांनी ती कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत बसवली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला 6.25 नं गुणायचं. यात फसवायला वाट आहे. ग्लायसिन, टॉरिनसारखे स्वस्त पदार्थ मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिन वाढलेलं दिसतं. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं कारखान्यातलं रसायन मिसळलं गेलं ते याच हिशेबाचा फायदा घेऊन, आणि त्यात तान्ही मुलं गेली. आपल्याकडे 2024 मध्ये डॉक्टरांच्या एका गटानं 36 प्रोटीन सप्लिमेंट तपासली. त्यांतल्या सुमारे 70 टक्क्यांवर प्रथिनाची माहिती चुकीची होती. म्हणून मुलाला मी सांगितलं, पूड घ्यायचीच असेल तर डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक बघ, प्रत्येक अमिनो आम्लाचं प्रमाण छापलंय का ते बघ, आणि 'खास मिश्रण' एवढंच लिहिलेलं असेल तर डबा परत ठेव.

हे सगळं चालू असताना, श्रावणात, आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतरचे दोन आठवडे ती बहुतेक अंथरुणावरच होती, आणि त्या दोन आठवड्यांत तिच्या मांड्या माझ्या डोळ्यांदेखत उतरल्या. कातडी सैल पडली. पायाला तेल लावताना माझ्या हाताला पूर्वीचा भराव लागेना. 2007 मध्ये अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून एक प्रयोग झाला होता. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ते लोक निरोगी होते, त्यांचं हाड मोडलेलं नव्हतं, आणि त्यांना प्रथिन नेमानं मिळत होतं. माझी आई पंच्याहत्तर वर्षांची, बावन्न किलोची.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला विचारलं, "आजी, दिवसभरात काय काय खाता?" "सगळं खाते की," आई म्हणाली. बाई शांतपणे एकेक विचारत गेल्या. सकाळी चहा आणि अर्धी चपाती. दुपारी दीड भाकरी, भाजी. पुन्हा चहा. रात्री दीड भाकरी, थोडा भात, आमटी. "डाळ घट्ट की पातळ?" आई माझ्याकडे बघायला लागली. दिवसाच्या प्रथिनाचा हिशेब तीस ग्रॅमच्याही खाली भरला. भारतीय शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम धरलं तरी तिला त्रेचाळीस हवे होते. म्हातारपणी एक ते सव्वा ग्रॅम हवं असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे बावन्नच्या पुढे. काका जाऊन बारा वर्षं झाली होती. पळी आता तिच्याच हातात होती. तरीही ती स्वतःला पातळच वाढून घेत होती.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. वय वाढलं की स्नायूला जरा कमी ऐकू येतं. तरुणाला थोड्या प्रथिनानं जाग येते. म्हाताऱ्या स्नायूला एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिन आणि त्यातून अडीच-तीन ग्रॅम ल्यूसिन मिळालं तर तो हलतो. चहातल्या दुधाचे थेंब दिवसभर टाकत राहिल्यानं काही होत नाही. मुकादमाला मोठ्यानं ओरडावं लागतं, आणि विटा गाडीभर लागतात.

त्या रात्री मुलगा त्याचा काळा डबा घेऊन माझ्याजवळ आला. "आई, हे आजीला देऊ या का? मी नाही घेतलं तरी चालेल." मला पटकन बोलता येईना. ज्या घरात खुराक नेहमी बाईच्या हातून पुरुषाच्या पेल्यात गेला, तिथं पहिल्यांदा तो उलट दिशेनं येत होता. मी त्याला जवळ बसवलं आणि आम्ही पुन्हा वही काढली. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, नऊही आम्लं. पाव लिटर दुधात आठ. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. त्याच्या एका स्कूपमध्ये पाच ग्रॅम, आणि तेही तीनच आम्लांचे. पाच मिनिटांत त्याचं त्यालाच उमगलं. यकृताच्या काही आजारांत डॉक्टर बीसीएए मुद्दाम देतात, तिथं त्याचं खरं काम आहे. आजीला ते नको होतं. तिची मूत्रपिंडं ठीक आहेत हे तपासून घेतलं होतं, त्यामुळे अन्नच वाढवायचं ठरलं. महिना संपला तेव्हा त्यानं नवा डबा आणला नाही. अंड्यांचे ट्रे आणायला लागला.

खरी झुंज पुढेच होती. "या वयात मला कशाला खुराक?" हे वाक्य आईनं दिवसातून चारदा म्हणावं. दोन अंडी वाढली तर एक बाजूला. दह्याची वाटी अर्धी ठेवायची, "पोरासाठी". तिच्या हाताला साठ वर्षांचं वळण होतं, आणि ते समजावून जाण्यासारखं नव्हतं. मग आम्ही समजावणं सोडून दिलं. तिच्याबरोबर, तिच्या शेजारी बसून जेवायला लागलो. सगळे एकदम. आमटीत पळी आता मी घालते, तळापासून.

फिजिओथेरपिस्टनं व्यायाम दिले ते नातवानं अंगावर घेतले. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सुरुवातीला दोन्ही हातांनी खुर्ची धरून दोनदा. नुसतं खाऊन स्नायू येत नाही. कष्ट दिल्याशिवाय त्याला विटांची गरजच वाटत नाही. हे तालमीतल्या वस्तादांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. "बैठकाच आहेत की या," आई तिसऱ्या आठवड्यात म्हणाली. त्या दिवशी तिनं पाच केल्या.

थंडीत एका संध्याकाळी तिला रिक्षानं गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेलो. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसाळलेला पेला हातात देतात. लहानपणी काका मला तिथं न्यायचे. त्या गावात सून होऊन आईला पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि ती कट्ट्यावर कधी उभी राहिली नव्हती. पुरुषांची जागा. काठी टेकून ती बराच वेळ धारेचा आवाज ऐकत राहिली. आजारातून उठलेल्या माणसाला कच्चं दूध नको, म्हणून आम्ही ते किटलीत घेतलं. किटली तिनं कुणाला धरू दिली नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर स्वतः उकळलं. मग फळीवरचा तो पितळी पेला काढला, काकांचा, आणि त्यात भरून घेतला.

आता ती हात न लावता दहा बैठका काढते. जिना चढताना कठडा धरते, पण थांबत नाही. नातू जिमला जातो, घरी येऊन भाकरी-उसळ आणि अंडी खातो, आणि त्याचे दंड भरतायत.

काल रात्री आईनं पुन्हा तिच्या ताटातलं अर्धं अंडं त्याच्या ताटात सरकवलं. तो काही बोलला नाही. चमच्यानं उचललं आणि परत तिच्या ताटात ठेवलं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं.